जिप्सीचे प्लग आणि वायर: आठ महिन्यांनंतर (आणि एका क्लिपेची तक्रार)

माझी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. मार्चमध्ये मी हौसेनं इरिडियम धातूच्या टोकाचे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) बसवले. एका संचाच्या पैशात साधे चार संच आले असते, पण लोक म्हणाले की लाखभर किलोमीटर बघायला नको. चार महिने मीही तेच सांगत फिरलो. सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट, पिकअप मोकळा.

जुलैत रत्नागिरीहून परत येताना साखरप्यात चहा घेतला आणि आंबा घाट चढायला लागलो. अर्ध्या घाटात गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून धक्के द्यायला लागली. मागे एसटी, पुढे धुकं, शेजारी बायको. पहिल्या गिअरवर कशीबशी वर आणली आणि त्याच रात्री ठरवलं की इरिडियम म्हणजे शुद्ध लूट.

कोल्हापुरात मेकॅनिक म्हणाला, "काका, कार्बोरेटर खोलाय लागतोय." खोलला, धुतला, पैसे घेतले. ऊन पडलेले दोन दिवस गाडी झकास, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि पुन्हा तेच रडगाणं.

शेवटी रात्री अंगणातला दिवा घालवला, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीच्या फवाऱ्यानं लांबूनच प्लगांना वीज नेणाऱ्या वायरींवर पाणी मारलं. ३ नंबरच्या सिलिंडरच्या वायरीवरून ४ नंबरकडे निळ्या ठिणग्या उडत होत्या. (हे करताना वायरींना हात लावू नका, झटका जबर असतो.)

तर वर इरिडियमला लूट म्हटलंय, ते निम्मं मागे घेतो. ३ नंबरची वायर काढून मीटर लावला तर सरळ धरल्यावर ९ किलोओहम, प्लगवर बसणाऱ्या टोपणाजवळ वाकवली की आकडा गायब. आतला कार्बनचा गाभा तुटलेला. आणि तो तोडला कोणी? मीच! मार्चमध्ये प्लग बदलताना रबरी टोपण धरायचं सोडून वायर धरून ओढली होती. गाभा तुटला की ठिणगीला आतच एक जास्तीची फट ओलांडावी लागते, व्होल्टेज चढतं आणि ओल आली की ते मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. इरिडियमच्या बारीक टोकाला उलट कमी व्होल्टेज पुरतं, म्हणजे बिचाऱ्यानं चार महिने माझी चूक झाकलीच म्हणायची.

नवा वायर संच आणला. रबर घट्ट, टोपण बसताना टक् असा आवाज येतो. पण वायरींवर नंबर नाहीत! चारी वायरी काळ्या आणि लांबीवरून ओळखा म्हणे. मी एकेकच वायर काढून बदलली म्हणून निभावलं. पुढे बायकोच्या नेलपॉलिशनं ठिपके दिले.

आणि क्लिप. वायरी एकमेकींपासून लांब ठेवणारी ती दातेरी प्लास्टिकची क्लिप खोक्यात नव्हतीच. दुकानदार म्हणतो, "जुनीच लावा की." जुनीचे दोन दाते तुटलेत, म्हणून तर ३ आणि ४ एकमेकींना चिकटून होत्या. या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-४-२, म्हणजे ३ च्या पाठोपाठ ४ चीच पाळी. ३ ची ठिणगी ४ मध्ये घुसली तर तिथलं पेट्रोल-हवेचं मिश्रण जेमतेम दाबलं जायला लागलेलं असतं, अन् इंजिन ठोके देतं. एवढे पैसे घेता आणि चार आण्याची क्लिप देववत नाही? शेवटी भंगारवाल्याकडून एका मेलेल्या जिप्सीची क्लिप दहा रुपयांत आणली. या सगळ्या खर्चातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच.

पुढचा सगळा पावसाळा गाडी एकदाही मिस झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये प्लग काढून बघितले तर २ नंबर तेलानं ओला, काळाकुट्ट. माझं इंजिन थोडं ऑइल खातं, वयच झालंय. अशा इंजिनात प्लग झिजायच्या आधी माखतो, मग लाखभर किलोमीटरचं आयुष्य कोणाच्या कामाचं? म्हणून परत एनजीके कंपनीचे साधे बीपीआर६ईएस. दुकानदार ७ नंबर गळ्यात मारत होता, "तगडा असतोय" म्हणून. तगडा नाही, थंड असतो, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर घालवणारा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत थंड प्लग आणखी लवकर काजळी धरणार. नावाच्या शेवटी ११ लिहिलेला असला तर तोही नको, तो १.१ मिमी गॅपचा (ठिणगी पडते ती फट). आपल्याला ०.७ ते ०.८ लागतो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघाच, माझ्या चारातला एक कमी भरला.

प्लग इंजिन थंड असतानाच बसवा. हेड (इंजिनाचा वरचा भाग, प्लग यातच बसतो) अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे आधी हातानं पूर्ण फिरवायचा आणि वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. लहान मुलासारखं लटकायचं नाही.

इरिडियमचे चारही प्लग पुसून टूलकिटमध्ये स्टेपनी म्हणून ठेवलेत. टाकवत नाहीत.