कोवर्किंग स्पेस, काही महिन्यांनी: वायफाय सगळीकडेच असतं, माणसं जोडली जातात का?

कोथरूडमधली ही कोवर्किंग स्पेस, म्हणजे भाड्याने डेस्क मिळणारं सामायिक ऑफिस, चाळीसेक खुर्च्यांची. खाली तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही. नेट, एसी, बॅकअप सगळं चोख आहे, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. एकट्याने काम करणारा माणूस घरचं टेबल सोडून दरमहा पैसे मोजतो, ते आजूबाजूला चार ओळखीचे असावेत म्हणून. इथे ते जमलंय, आणि ते कशामुळे जमलं हे सांगण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठं कारण बुधवारचा डबा. पँट्रीत बारा जणांचं एकच लांब टेबल आहे, डेस्कवर जेवायला मनाई आहे आणि बुधवारी सव्वा ते दोन मीटिंग रूम बुक होत नाही. मायक्रोवेव्ह एकच, तोही टेबलाच्या टोकाला. डबा गरम होईपर्यंत मागे उभ्या असलेल्याशी बोलणं होतंच. २००५ मध्ये ब्रॅड न्यूबर्ग यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातून दोन दिवस कोवर्किंग सुरू केलं, तेव्हाही एकत्र जेवण त्यात होतं आणि पहिला महिनाभर तिथे कुणी फिरकलंही नव्हतं. सवय लागायला वेळ द्यावाच लागतो. इथला बुधवार दोघंच आले तरी रद्द होत नाही, म्हणून तो टिकला.

या टेबलावर होणारं बोलणं फार कामाचं असतं. कुठला क्लायंट पैसे लटकवतो, जीएसटी नोंदणीसाठी इथला पत्ता वापरायचा तर एनओसी, करार आणि वीजबिलाची प्रत कुणाकडे मागायची, वगैरे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. हे अनेक फ्रीलान्सरना अशा गप्पांतूनच कळतं.

दुसरं कारण मॅनेजर. नवीन मेंबरला सगळ्या हॉलसमोर उभं करत नाहीत. पहिल्या आठवड्यात नेमक्या दोघांशी गाठ घालून देतात, आणि तीही कारण सांगून: ‘यांना मराठी सबटायटल्स करून हवीत, तुम्ही अनुवाद करता ना?’ पँट्रीतल्या फळ्यावर ‘येतं’ आणि ‘हवंय’ असे दोन रकाने आहेत. तो दर सोमवारी पुसतात. पुसला नाही तर महिन्याभरात कुणी त्याकडे बघतही नाही.

आता जे बिघडतं ते. संध्याकाळचे नेटवर्किंग कार्यक्रम बंद करावेत. साडेसहाला ट्रॅफिक असतो, घरी पोरं वाट बघत असतात. येतात ते बाहेरचे, विमा नाहीतर कोर्स विकणारे. व्हॉट्सॲप ग्रुप फॉरवर्ड्सनी भरून गेला, तेव्हा कामाचा ग्रुप वेगळा केला. तिथे काम, बजेट आणि मुदत या तिन्ही गोष्टी नसतील तर पोस्ट काढून टाकतात. फुकटात ‘जरा बघून द्या’ म्हणणारे त्यामुळे आपोआप गळले.

फोनवरून मात्र अजून खटके उडतात. बूथ दोनच, आणि काही जण त्यात तासन्‌तास बसतात. वीस मिनिटांची मर्यादा दारावर लिहिली आहे, पण ती पाळायला लावणं मॅनेजरचं काम आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला टोकलं की दोघंही जेवायला वेगवेगळ्या वेळी जाऊ लागतात.

खरी चिंता केबिनची. मोठी केबिन एकाच कंपनीच्या टीमला दिली आहे. मालकाला एकरकमी भाडं मिळतं, हे समजतं. पण टीम आपसातच जेवते, मीटिंग रूम अडवते आणि एकटे मेंबर हळूहळू कडेला जातात. एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा एका कंपनीकडे गेली, तर ही जागा भाड्याचं ऑफिस होऊन बसेल. मॅनेजर बदलला तरी हाच धोका आहे, कारण कुणाला काय येतं याची नोंद फक्त त्यांच्या डोक्यात आहे.

महिन्याला दहा दिवसांचा पास घेणार असाल तर वार ठरवून या. कधी सकाळी, कधी चारला आलात तर चेहरेही ओळखीचे होत नाहीत. बुधवार आणि आणखी एक दिवस पुरतो. ट्रायल शनिवारची देऊ करतात, ती घेऊ नका, बुधवारची मागा. तीन महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तेवढे दिवस सोडता न येण्याची अट, नाकारा, एका महिन्याचं डिपॉझिट पुरे. दर विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा; तुमची स्वतःची नोंदणी असेल तर इनव्हॉइसवर तुमचा जीएसटी नंबर पहिल्याच महिन्यापासून टाकून घ्या, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तुमच्या करातून तो वजा होतो.