मासळीसाठी छोटा डीप फ्रीझर घ्यावा का? मे ते जानेवारी वापरल्यानंतरचा अनुभव

शंभर लिटरचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर आम्ही मेच्या मध्याला घेतला. आता जानेवारी संपत आलाय, म्हणजे मासेमारी बंदीचा काळ, श्रावण, गणपती आणि नंतरचा भरहंगाम, सगळं यात येऊन गेलं. राहतो नवी मुंबईत नेरूळला, घरात पाच माणसं, आठवड्यातून तीनदा मासे. मशीन तेरा हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या आकाराचे बहुतेक फ्रीझर आतून सारखेच असतात आणि फरक पडतो तो तुम्ही आत काय आणि कसं ठेवता त्याने.

आधी हिशेब सांगते, कारण घरात वाद त्यावरूनच झाला होता. आमच्याकडे हा फ्रीझर दिवसाला साधारण एक युनिट खातो, उन्हाळ्यात थोडं जास्त, थंडीत कमी. महावितरणच्या बिलात हे महिन्याचे तीस युनिट तुमच्या आधीच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणजे तुम्ही ज्या स्लॅबमध्ये संपता त्या दराने लागतात. शंभर युनिटच्या आत वापर असणाऱ्याला हे तीस युनिट वरच्या स्लॅबमध्ये ढकलू शकतात. आमचा वापर तसाही १०१ ते ३०० युनिटमध्येच असतो, त्यामुळे सगळे आकार धरून महिन्याला चारशेच्या आसपास वाढलं. मशीन दहा वर्षं चालेल असं धरलं तर त्याचे महिन्याचे शंभर-सव्वाशे. म्हणजे महिन्याला पाचशे रुपये हा फ्रीझर उभा राहण्याचेच घेतो. स्वस्ताईच्या दिवशी घेतल्याने किलोमागे दीड-दोनशे वाचत असतील तर महिन्याला निदान तीन किलो मासळी यातून फिरली पाहिजे. त्यापेक्षा कमी खाणाऱ्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा दिवसांतून एकदा पापलेट आणणाऱ्या घराला फ्रिजचा वरचा कप्पा पुष्कळ झाला.

दुकानदार दोनशे लिटरचा घ्या म्हणून मागे लागला होता. ‘दोन महिने मासळी बंद असते ना मॅडम.’ हे अर्धंच खरं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. पण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. दोन्ही किनारे एकाच वेळी बंद असतात ते जूनचे पहिले चौदा दिवस. त्यानंतर तिकडची मासळी बर्फात घालून ट्रकने येते, शिवाय खाडीतली आणि तळ्यातली असतेच. भाव चढे असतात हे कबूल. हंगामात सहाशे-सातशेला मिळणारी अख्खी सुरमई जूनमध्ये हजाराच्या पुढे ऐकली. पण म्हणून दोन महिन्यांचा साठा लागत नाही. आम्ही मेअखेरीला आठ-नऊ किलो भरली, मधेमधे ताजी कोळंबी आणली आणि जुलै निघाला. शंभर लिटर पुरतं.

एका गोष्टीवर मात्र विक्रेते बोलतच नाहीत. घरगुती फ्रीझर मासळी ‘गोठलेली ठेवायला’ बरा असतो, ‘गोठवायला’ तितका नसतो. माशातलं बहुतेक पाणी उणे एक ते उणे पाच अंशांच्या दरम्यान गोठतं. हा टप्पा रेंगाळत पार झाला की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते मांसाचे धागे फाडतात, आणि मग मासा बाहेर काढला की ताटलीभर पाणी सुटतं आणि तुकडी तव्यावर चुरते. म्हणून शंभर लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवसात तीन-चार किलोच्या वर नवी मासळी घालायची नाही. आदल्या रात्री तापमानाचं बटण सर्वांत थंडवर आणायचं. पाकिटं चपटी करायची, तुकड्यांचा एकच थर. आणि नवीन पाकिटं मधे ढिगात न टाकता भिंतीला लावून उभी करायची, कारण अशा फ्रीझरमध्ये गारव्याच्या नळ्या भिंतींतच असतात. एवढ्यानेच आमच्या सुरमईत जमीन-अस्मानाचा फरक पडला. एकदा दगड झालं की मग मधे रचा. साठवणीचं तापमान उणे अठरा हवं. फ्रीझरचा साधा थर्मामीटर मिळतो, तो आत टाकून ठेवा, बटणावरच्या आकड्यांवर जाऊ नका.

आता कोणती मासळी कशी टिकली ते. सुरमई, हलवा, रावस उत्तम. पापलेट अख्खं, पोट साफ करून, तीन-चार महिने आरामात. बांगडा आणि तारली तेलकट, त्यांचं तेल फ्रीझरमध्येही हळूहळू खवट होतं. दोन महिन्यांच्या आत संपवते. कोळंबीबद्दल पुढे वेगळं लिहिते. बोंबील? नाही. त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच, गोठवून काढल्यावर उरतं ते बघवत नाही. बोंबील आणावेत, पाट्याखाली दाबून पाणी काढावं आणि त्याच दिवशी तळावेत. तिसऱ्या (शिंपल्या) आणि चिंबोऱ्याही मी ताज्याच करते.

कोळंबीवर सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि सगळ्यात जास्त नासाडीही तिथेच होते. डोकं-साल काढल्यावर हाती निम्म्याच्या आसपास मांस येतं, म्हणजे पाचशे रुपये किलोची कोळंबी खरं तर हजाराची. बाजारात सोललेली दिसली की हा भागाकार मनात करा, कधीकधी तीच स्वस्त पडते. गोठवायची असेल तर डोकी लगेच काढायची. कोळंबीची पचनग्रंथी डोक्यात असते, तिच्यातले पाचक रस मांस मऊ करत जातात. साल राहू द्या. मग छोट्या डब्यात कोळंबी भरून बुडेल इतकं थंडगार पाणी ओतायचं आणि सबंध वडी गोठवायची. हवा लागत नाही, त्यामुळे कडा पांढऱ्या-कोरड्या पडत नाहीत. ऑक्टोबरची कोळंबी आम्ही मकरसंक्रांतीच्या आठवड्यात खाल्ली, कालवणात फरक कळला नाही. सालीवर काळे डाग दिसले तर घाबरून फेकू नका, ते तिथल्या विकराचा (एन्झाइमचा) हवेशी संबंध आल्याने पडतात. वास आणि घट्टपणा बघा, ते दोन्ही ठीक असेल तर कोळंबी ठीक.

बाकीच्या मासळीसाठी व्हॅक्यूमचं मशीन घ्यावं का, असं दोघीतिघींनी विचारलं. मी घेतलं नाही. जाड झिपची पिशवी घ्या, तुकड्या भरा, तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवा. पाणी हवा बाहेर ढकलतं, मग झिप लावा. नव्वद टक्के काम होतं. ज्यांच्याकडे ते मशीन आहे त्यांनी एक पाळावं: मासा फ्रिजमध्ये सुटा करायला ठेवताना पाकीट आधी फाडायचं. हवा नसलेल्या बंद पाकिटात, फ्रिजच्या गारव्यातही, विषारी जंतूंचा एक प्रकार वाढू शकतो.

मीठ लावून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. सासूबाई अलिबागकडच्या, त्यांचा हळद-मीठ-आगळ लावूनच ठेवण्याचा आग्रह. एका दिवसासाठी ते बरोबर. महिन्यांसाठी नाही, मीठ पाणी ओढून काढतं आणि तेलकट माशाला लवकर खवट करतं. आता तह असा झालाय की गोठवताना नुसता धुऊन, पुसून कोरडा केलेला मासा, आणि तव्यावर जायच्या अर्धा तास आधी त्यांचं आगळ.

खरेदीचं गणित फ्रीझरमुळे बदललं, आणि खरी बचत तिथे आहे. पूर्वी रविवारी सकाळी बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात जायचो, म्हणजे सगळी नवी मुंबई जाते तेव्हाच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाणाऱ्यांचे वार, भाव त्याप्रमाणे. आता गुरुवारी किंवा मंगळवारी जाते. सोमवार टाळते, कारण गिऱ्हाईक कमी असतं हे खरं पण पाटीत रविवारची उरलेली निघू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला डोल जाळ्यांत जास्त सापडतं, कारण ती जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतात. तेव्हा मांदेली, करंदी, जवळा बघा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ कमी, मालही कमी. आणि श्रावण! बंदी उठलेली, नारळी पौर्णिमेनंतर तर सगळ्याच होड्या बाहेर, आणि निम्मं गिऱ्हाईक उपासाला बसलेलं. आमच्याकडे श्रावण पाळतात, म्हणून आणून थेट गोठवली आणि गणपतीनंतर काढली. देवघर असलेल्या घरात मासळी फ्रीझरमध्ये चालते का यावर आमच्याकडे एक संध्याकाळ गेली. झाकण बंद असेल तर चालते, असा निकाल लागला.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर जाऊन घाऊक आणावी असं बरेच जण सुचवतात. अटल सेतूवरून गेलं तर कारला एकेरी २५० रुपये टोल, पेट्रोल वेगळं. चार कुटुंबं मिळून दहा-बारा किलो आणणार असाल तरच परवडतं. त्यापेक्षा नेरूळहून लोकलने उरण आणि तिथून रिक्षाने करंजा बंदर हा मार्ग मला बरा वाटला.

कुठूनही आणा, बर्फाचा डबा बरोबर न्या. याबाबतीत मी आता हट्टी झालेय. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात काही तास बिनबर्फाचे राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, आणि आपण म्हणतो ‘मासे बाधले.’ ते हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. फ्रीझर फक्त पुढचं थांबवतो, मागे झालेलं पुसत नाही. बाजार दहा मिनिटांवर असला तरी तासभर भाव करण्यात जातोच ना.

पाटीवर निवड करताना मावशी म्हणणारच, ‘घे गो बाय, आजचाच हाय.’ असेलही. पण मी कल्ला उचलून लाली बघते, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का बघते, पाठीवर बोट दाबून खळगा परत भरतो का बघते. डोळा खोल, पांढुरका आणि अंग ओलसर लिबलिबीत असेल तर तो मासा शिळा किंवा आधी एकदा गोठून सुटलेला असण्याची शक्यता मोठी. तो गोठवायला घेऊ नका. कापून ठेवलेली सुरमई मी घेत नाही; अख्खी निवडायची आणि समोर कापून घ्यायची, डोकं-शेपूट कालवणाला. तळहाताहून लहान पापलेटं स्वस्त दिसतात, पण त्यात काटाच जास्त. शिवाय २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, ते पापलेट कमी होत चाललंय म्हणूनच, तेव्हा पिल्लं राहू द्यावीत.

मशीनच्या कटकटी थोडक्यात. भिंतींवर बर्फ साचतो, अर्धा सेंटिमीटर झाला की बंद करून वितळवावा लागतो, सुरीने खरवडायचं नाही, नळी फुटली तर मशीन गेलं. बाहेरच्या बाजू गरम होतात, तो बिघाड नाही, उष्णता तिथूनच बाहेर पडते. म्हणून शोभेची चादर टाकू नका आणि भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा. तळाशी गेलेली पाकिटं विस्मृतीत जातात. आम्ही चिकटपट्टीवर मासा आणि महिना लिहितो आणि झाकणावर यादी लावलीय. मुलगा त्यावर खाडाखोड करतो, तरी उपयोग होतो. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवावं. आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मोह न धरता टाकून द्या.

बाहेर काढायचा मासा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटलीत. ओट्यावर नाही. विसरलात तर पिशवीसकट गार पाण्यात, अर्धा किलो तासाभरात सुटतो.

सुकी मासळी यात ठेवता येते हे आम्हाला नंतर सुचलं, आणि आता तोच सर्वांत लाडका वापर झालाय. एप्रिल-मेमध्ये घेतलेले सोडे (सोललेली सुकी कोळंबी), सुकट, सुके बोंबील पावसाळ्यात दमट होतात, अळ्या पडतात, आणि सोड्यांचा भाव पाहता ते फेकताना जीव जातो. फ्रीझरमध्ये ते जसेच्या तसे राहिले. दोन पिशव्या एकात एक आणि वर घट्ट झाकणाचा डबा एवढं करा, नाहीतर शेजारच्या आइस्क्रीमला कोणी हात लावत नाही.