गॅरेजात विमान बांधायचंय: पत्रा, फायबर, कापड की लाकूड?

किट विमान, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायचं विमान, निवडताना लोक आधी वेग बघतात, मग आसनं, मग इंजिन. ही तुलना माहितीपत्रकं समोर ठेवून एका संध्याकाळी होते. पण बांधणीला दीड-दोन हजार तास लागणार असतील आणि आठवड्याला दहा तासच मिळणार असतील, तर पुढची तीन-चार वर्षं तुमची गाठ वेगाशी नाही, पत्र्याशी, रेझिनशी किंवा कापडाशी पडणार आहे. म्हणून आधी साहित्य ठरवावं आणि मग त्या साहित्याचं विमान शोधावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साहित्य निवडताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून बघा: यात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते का, आणि दिसली तर काढता येते का? घरी काम करताना शेजारी कारखान्यातला मुकादम उभा नसतो. चूक लपवणारं साहित्य नवख्या माणसाकडून जास्त शिस्त मागतं.

भरीव रिव्हेटचं ॲल्युमिनियम

१९७३ साली सुरू झालेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिका या गटातली सगळ्यांत परिचित. आरव्ही-७, आरव्ही-८, आरव्ही-१४ या विमानांत बहुतेक जोड भरीव रिव्हेटचे, म्हणजे भोकात घालून टोक ठोकून चपटं करायच्या धातूच्या खिळ्यांचे असतात. पत्रा २०२४-टी३ जातीचा. भोकं कारखान्यातच पाडलेली असतात आणि एकमेकांवर नेमकी बसतात, त्यामुळे सांगाडा स्वतःच सरळ उभा राहतो. मोठा साचा लागत नाही. पंखाला पीळ पडण्याचा धोकाही त्यामुळे बराच कमी होतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. भाग जुळवायचे, क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी) तात्पुरते धरायचे, भोक अंतिम मापाला आणायचं, सगळं पुन्हा सुटं करायचं, प्रत्येक भोकाची बर (कडेला उरलेली धारदार किनार) काढायची, चपट्या डोक्याचे रिव्हेट असतील तिथे डिंपल (डोकं आत बसेल असे खळगे) पाडायचे, प्रायमर लावायचा, परत क्लेको लावायचे आणि मग रिव्हेट ठोकायचे. म्हणजे एकेका भोकाला चार-पाच वेळा हात लागतो, आणि भोकं हजारो असतात. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये.

रिव्हेटची मापं मुख्यतः दोन. ३/३२ इंचाला ४० नंबरचं ड्रिल आणि चंदेरी क्लेको, १/८ इंचाला ३० नंबरचं ड्रिल आणि तांब्याच्या रंगाचा क्लेको. १/८ इंची, म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचा दांडा ठोकण्याआधी पत्र्याबाहेर दांड्याच्या दीडपट, सुमारे ४.८ मिलिमीटर यायला हवा. ठोकल्यावर मागे तयार होणारं डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर जाड असावं. हे मोजायला छोटा गेज मिळतो. तो खिशात ठेवा.

बिघडतं काय? बकिंग बार (दांड्यामागे धरायचा जड ठोकळा) तिरका धरला की दांडा एका बाजूला कलंडतो. दोन पत्रे नीट दाबलेले नसतील तर दांडा मधल्या फटीत फुगतो आणि पत्रे कायमचे दूर राहतात. रिव्हेट ठोकायची गन सरकली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. या सगळ्या चुका समोर दिसतात आणि बहुतेक सगळ्या काढताही येतात. रिव्हेटच्या कारखानी डोक्याच्या मध्यावर एक माप लहान ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीइतकं भोक पाडायचं, पंच घालून डोकं मोडायचं, मागून पत्र्याला लाकडाचा आधार द्यायचा आणि दांडा हलकेच बाहेर ठोकायचा. घाई करून ड्रिल आरपार नेलं तर भोक अंडाकृती होतं आणि मग एक माप मोठा रिव्हेट वापरावा लागतो. तेवढी जागा आहे का हेही बघावं लागतं: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर हवं.

डोळ्यांना न दिसणारी एक चूक मात्र इथेही आहे: बर न काढलेलं किंवा डिंपल पाडताना कडेला तडकलेलं भोक. तिथूनच पुढे धातूच्या थकव्याची, म्हणजे वारंवार ताण पडून होणारी भेग सुरू होते. डिंपल पाडल्यावर भिंगातून नजर टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आवाजाचा विचार आधीच करा. रिव्हेट गन आणि कॉम्प्रेसर रात्री दहाला चालवता येत नाहीत. पंखाचे पत्रे चढवताना बार धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि तो दर वेळी तोच असेल तर काम सुबक होतं.

पॉप रिव्हेटचं ॲल्युमिनियम

झेनिथ सीएच ७५० आणि आरव्ही-१२ ही ठळक उदाहरणं. इथे रिव्हेट एकाच बाजूने ओढला जातो, त्यामुळे काम एकट्याने होतं. आवाज कमी, शिकायला वेळ कमी, एकूण तासही कमी. त्या बदल्यात रिव्हेटची डोकी पत्र्याच्या वर राहतात आणि वाऱ्याचा विरोध वाढतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या विमानात त्याने फारसं बिघडत नाही.

दोन गोष्टी पाळा. किटमध्ये आलेलेच रिव्हेट वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला तसाच दिसणारा रिव्हेट तेवढा भार घेत नाही. आणि भोक सैल होऊ देऊ नका. भरीव रिव्हेट ठोकताना फुगून भोक भरून काढतो, पॉप रिव्हेट तेवढं भरत नाही. पहिलं विमान, एकटा माणूस, एका गाडीचं गॅरेज, असं असेल तर आम्ही दुसरीकडे बघणारही नाही.

फायबर आणि फोम

विमान-रचनाकार बर्ट रुतान यांच्या व्हेरिईझीने १९७५ मध्ये आणि लॉन्ग-ईझीने १९७९ मध्ये घरबांधणीची एक वेगळीच रीत दाखवली. पॉलिस्टायरीन फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकाराचा कापायचा आणि त्यावर काचकापडाचे थर इपॉक्सीने (वाळून घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनने) बसवायचे. साचा नाही, पत्रा नाही. नंतरच्या अनेक किटमध्ये कारखान्यात साच्यातून काढलेली अर्धी-अर्धी कवचं येतात आणि आपण ती चिकटवतो. दोन्हींत मिळणारा आकार पत्र्याला साधत नाही. गुळगुळीत, वळणदार, रिव्हेटविना.

पण आपला प्रश्न इथे सगळ्यांत कठोरपणे लागू होतो. काचकापड रेझिनने नीट भिजलं की पारदर्शक होतं, आणि आत हवा राहिली तर पांढरा ठिपका दिसतो. ओलं असतानाच ब्रशने दाबून तो काढता येतो. वाळल्यावर नाण्याने टकटक करून पोकळ आवाज ओळखता येतो. इथवर ठीक. कार्बनचं कापड काळं असल्याने आतली हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पहिल्या कामाला काचकापडच बरं.

न दिसणारी खरी चूक जोडात असते. वाळलेल्या चकचकीत थरावर नवा थर चढवला तर तो दिसायला छान बसतो, पण एक दिवस सालपटासारखा सुटतो. म्हणून शेवटच्या थरावर पील-प्लाय नावाचं कापड लावून ठेवतात. ते वाळल्यावर ओढून काढलं की खाली खरखरीत, नवा जोड घेणारा पृष्ठभाग मिळतो. पील-प्लाय लावलेलं नसेल तर चमक पूर्ण जाईपर्यंत घासावंच लागतं. दमट हवेत काही हार्डनरांमुळे (रेझिन घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकामुळे) इपॉक्सीवर मेणासारखी चिकट साय येते. ती आधी पाण्याने धुवायची, मग घासायचं. उलट केलं तर ती साय पृष्ठभागात रगडली जाते.

रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने कधीच नाही. जास्त हार्डनर घातला की लवकर वाळतं हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलं की थर मऊ राहतो. प्रत्येक मिश्रणाचा कप तारीख आणि भागाचं नाव लिहून ठेवून द्या, आणि दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा. कपातलं मऊ असेल तर विमानावरचंही मऊ आहे. खोल कपात मोठं मिश्रण करू नका, ते स्वतःच्या उष्णतेने उकळून धुरावतं. खोलीचं तापमान २१ ते २७ अंश सेल्सियस राखावं लागतं, थर वाळेपर्यंत रात्रभर.

काही गोष्टींना माफी नाही. पॉलिस्टायरीन फोमवर पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन लावलं तर फोम विरघळतो, पेट्रोलनेही विरघळतो. युरेथेन फोम तापलेल्या तारेने कापला तर विषारी वायू निघतो. तो सुरीने आणि घासूनच आकाराला आणायचा. आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, काम तिथेच थांबतं. हातमोजे पहिल्या थेंबापासून घाला. हाताला लागलेलं इपॉक्सी ॲसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत अधिक मुरतं.

थर संपले तरी काम संपत नाही. फटी भरणं आणि लांब फळीने घासणं यातच शेकडो तास जातात. रंग शक्यतो पांढराच, कारण उन्हात गडद पृष्ठभाग इतका तापतो की इपॉक्सीची ताकद उतरते.

नळी आणि कापड

किटफॉक्स, बेअरहॉक यांसारख्या किटमध्ये ४१३० क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचं धड कारखान्यातच वेल्ड होऊन येतं. धडाचा सगळ्यांत जोखमीचा भाग असा दुसऱ्याच्या हातून झालेला असतो, ही या प्रकाराची मोठी जमेची बाजू. किटफॉक्सचे पंख दुमडतात, त्यामुळे बांधून झाल्यावरही विमान घरी ठेवता येतं.

कापड पॉलिएस्टरचं. ते नळ्यांना चिकटवायचं आणि इस्त्रीने आकसवायचं. पॉली-फायबर पद्धतीत सुरुवात १२१ अंश सेल्सियसला होते आणि शेवटचा ताण १७७ अंशांना येतो. घरच्या इस्त्रीवरचे आकडे भरवशाचे नसतात. तळाला थर्मामीटर लावून खुणा करून घ्या. जास्त तापवलं तर कापडाचा ताण उलट कमी होतो आणि तो परत येत नाही. पंखाची मागची पट्टी नाजूक असेल तर एका बाजूने आधी पूर्ण ताण दिल्याने ती वाकते, म्हणून दोन्ही बाजू टप्प्याटप्प्याने आणा.

त्यानंतर कापड रिबांना (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना) दोऱ्याने शिवायचं असतं. टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावर ठरतं आणि प्रोपेलरच्या झोताच्या पट्ट्यात ते आणखी कमी ठेवतात. कापडाचा शत्रू ऊन आहे. ॲल्युमिनियमची पूड असलेला थर अतिनील किरण अडवतो. अंधारात पंखाच्या आत दिवा धरला आणि उजेड बाहेर आला, तर तो थर पुरेसा नाही.

चूक झाली तर कापड कापून पुन्हा लावता येतं. पण कापडाखालचं सगळं झाकलं जातं: केबल, पुल्या, नट, स्प्लिट पिना. झाकण्याआधी जाणत्या माणसाकडून एकेक जोड तपासून घ्या आणि भरपूर फोटो काढा. द्रावक असलेल्या पद्धतीत एमईके नावाचा द्रावक वापरतात. त्याची वाफ पेट घेते, म्हणून गॅरेजात गॅस गीझर असेल तर पाण्यावर आधारलेली पद्धत निवडा. नळ्यांवर प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सीच हवा, साधा प्रायमर त्याच द्रावकाने सुटून येतो.

लाकूड

याची किट मोजकी, बहुतेक काम नकाशांवरून. सिटका स्प्रूस, बर्च प्लायवूड आणि इपॉक्सी गोंद. हत्यारं थोडी, आवाज थोडा, खर्च टप्प्याने. गोंदाच्या प्रत्येक मिश्रणाबरोबर एक नमुना-जोड करा आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघा: लाकूड फाटलं तर जोड चांगला, गोंदाच्या रेषेवर सुटला तर त्या दिवसाचं काम संशयास्पद. पाणी साचून लाकूड कुजतं, म्हणून निचऱ्याची भोकं विसरू नका. सुतारकामाची आवड आधीपासून असेल तरच हा मार्ग.

जागा, क्रम आणि नियम

दोन गाड्यांच्या गॅरेजात बहुतेक दोन-आसनी विमानं होतात, पंख वेगळे भिंतीला लावून. दाराची रुंदी मोजा, उंचीही मोजा. चाकांवर उभं केलेलं धड शेपटीसकट अनेकदा उंचीत अडतं. साधारण ६० बाय १५० सेंटीमीटरची, एकाच उंचीची, चाकं लावलेली दोन टेबलं बहुतेक काम भागवतात.

कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक छत, जवळपास प्रत्येक किटमध्ये असते आणि साहित्य कुठलंही असो, ॲक्रिलिक तसंच वागतं. थंडीत कापलं की तडकतं. खोली उबदार करा, ॲक्रिलिकसाठी घासलेलं खास ड्रिल वापरा, आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा थ्रेडलॉकर त्याच्याजवळही आणू नका. त्याने बारीक भेगांचं जाळं पडतं.

क्विक-बिल्ट किटमध्ये पंख आणि धडाचं बरंच काम करून येतं आणि शेकडो तास वाचतात. मात्र अमेरिकेत बांधकामाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतः केलेला असावा लागतो आणि तिथलं विमान नियामक एफएए त्या कसोटीवर तपासलेल्या किटची यादी ठेवतं. इतर अनेक देशांत यासारखे नियम आहेत. पैसे भरण्याआधी आपल्या नियामकाकडून लेखी उत्तर घ्या आणि बांधकामाची नोंदवही व फोटो पहिल्या भागापासून ठेवा.

सुरुवातीला फक्त शेपटीचं किट मागवा. तेवढ्यावरून साहित्य आपल्या हाताला जमतं का ते कळतं, आणि नाही जमलं तर नुकसान आटोक्यात राहतं. खोकं आलं की त्याच आठवड्यात यादीप्रमाणे प्रत्येक भाग मोजा, कारण कमी भरलेल्या भागांची तक्रार करायला मुदत असते. इंजिन आणि उपकरणं मात्र सगळ्यांत शेवटी घ्या. हमीचा काळ फळीवरच संपतो, न चालवलेल्या इंजिनात सिलिंडर आणि कॅमशाफ्ट गंजतात, आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेला उपकरणांचा पडदा बसवायची वेळ येते तेव्हा त्याची नवी आवृत्ती बाजारात आलेली असते.