नकली स्कोप, आणि मी दोष देत बसलो स्वतःच्या हाताला

स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, घेताना मी फसलोय, चांगलाच फसलोय, आणि राग पैशांपेक्षा याचा जास्त येतो की फसलोय हे कळायलाच दीड महिना गेला.

माझ्या पॉइंट टू टू रायफलवर जुना ४ पटीचा साधा स्कोप होता. कागदावरचं टार्गेट, आणि जिथे परवानगी आहे तिथे पिकाची नासधूस करणारे ससे वगैरे, एवढंच काम, तेही ५० मीटरच्या आसपास. पण डोक्यात किडा शिरला की ६-२४ बाय ५० चा, म्हणजे ६ ते २४ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, असा मोठा स्कोप पाहिजेच. नवा परवडेना म्हणून सेकंडहँड शोधला, तर नावाजलेल्या कंपनीचा, बॉक्ससकट, "एकदाच लावलाय", निम्म्याहून कमी किमतीत. विकणारा बोलायला इतका गोड, स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंग कोणत्या घ्या, स्क्रू किती आवळा, सगळं स्वतःहून सांगितलं त्याने. फक्त म्हणाला, पैसे ओळखीच्याला पाठवतोय असं दाखवून पाठवा, उगाच कमिशन कापलं जातं. पाठवले. तसे पाठवलेले पैसे खरेदीचे धरलेच जात नाहीत, मग तक्रार कुणाकडे करणार, हे नंतर कळलं.

स्कोप दिसायला एकदम झकास. रेटिकलला, म्हणजे आतल्या नेमाच्या फुलीला, लाल लाइट पण होता, जो जाहिरातीत नव्हता, मी तर खूश की फुकटात मिळाला!

पहिल्या दिवशी झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं, बरा झाला. दुसऱ्या दिवशी ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, डावीकडे, मग खाली, मग परत जागेवर. मी गोळ्यांचा ब्रँड बदलला, रिंग काढून परत बसवल्या, श्वास आणि ट्रिगरवर काम केलं, एका मित्राने सांगितलं म्हणून बॅरलसुद्धा साफ केली. विकणाऱ्याला विचारलं की तो म्हणायचा अजून १०० गोळ्या मारून बघा, सेट होईल. अहो स्कोप म्हणजे काय नवीन चप्पल आहे का सेट व्हायला? पण तेव्हा पटलं, कारण नेम चुकला की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो, आणि असले लोक त्यावरच जगतात.

शेवटी बॉक्स टेस्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. एक गोळी मारायची, मग टरेट, म्हणजे स्कोपवरचे नेम सरकवायचे नॉब, फिरवून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक ठिकाणी एकेक गोळी, दर वेळी नेम त्याच ठिपक्यावर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे चौकोनाची बाजू ७ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाजवळ. माझी वरची बाजू जेमतेम ५ आली, आणि खाली आणताना तर गोळी हललीच नाही. मी नाण्याने टरेटवर टकटक केलं आणि पुढची गोळी आपोआप खाली. आतली स्प्रिंग अडकत होती, दुसरं काय.

मग पॅरॅलॅक्स बघितला, म्हणजे डोळा हलला की फुली टार्गेटवरून सरकते का ते. रायफल सँडबॅगवर घट्ट ठेवून, हात न लावता डोकं थोडं इकडेतिकडे केलं, तर रेटिकलचा क्रॉस टार्गेटवर पोहत होता, आणि बाजूचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ढिम्म फरक नाही. तो नॉब नुसता शोभेचा. यातल्या निम्म्या गोष्टी एक गोळी न मारता घरी तपासता आल्या असत्या.

२४ पटीवर संध्याकाळी अंधारून यायचं त्याचा दोष मात्र मी त्याला देत नाही. ५० भागिले २४, डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोळा जेमतेम २ मिलिमीटरचा, खऱ्या स्कोपमध्येही तेवढाच. सशासाठी एवढी पट घ्यायची हौस माझीच.

सीरियल नंबरचा फोटो कंपनीला पाठवला. उत्तर आलं, हा नंबर ३-९ बाय ४० च्या स्कोपचा आहे, आणि तुम्ही म्हणताय ते मॉडेल लाल लाइटसह आम्ही कधी काढलंच नाही. म्हणजे ज्या लाइटवर मी खूश होतो तोच पुरावा होता. हा नंबर पैसे द्यायच्या आधी मागितला असता तर? विकणाऱ्याला ते उत्तर जसंच्या तसं पाठवलं. मेसेज वाचला, आणि ब्लॉक.

परवा जुना ४ पटीचा परत चढवला. झिरो करायला सात-आठ गोळ्या लागल्या, नंतरच्या पाच एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. गोळ्या त्याच, ज्या मी खराब म्हणून बाजूला टाकल्या होत्या.