सात महिने विमानाचं अंतर मोजणारं अ‍ॅप वापरलं, तीन स्टार

लेक न्यू जर्सीत, एडिसनला. मे २०२५ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार म्हणून अंतर आणि वेळ दाखवणारं हे अ‍ॅप फोनवर घेतलं. दोन एअरपोर्ट टाकायचे, लगेच उत्तर येतं. मुंबई ते नेवार्क (लेकीच्या जवळचा एअरपोर्ट) साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वापंधरा तास.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. ह्यांनी ६,७७४ वाचलं आणि म्हणाले अगं हे तर निम्मंच आहे! सेटिंग नॉटिकल मैलांवर होतं, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर, ते बदलेपर्यंत ह्यांचा आनंद टिकला.

अंतर बरोबर असतं, त्याबद्दल तक्रार नाही. नकाशावर रेघ एवढी वर का जाते ते मात्र मला कळेना. शेवटी नातवाच्या पृथ्वीच्या गोलावर लोकर ताणून धरली, तर ती खरंच रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून गेली, सगळ्यात जवळचा रस्ता तोच.

घोळ आहे तो वेळेचा. हे अ‍ॅप अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागतं आणि वर अर्धा तास घालतं, बस्स, मी पाच-सहा मार्ग टाकून ताडून पाहिलं. विमानाला कुठून जाता येतं, वारा कुठला, ह्याचा त्याला पत्ताच नाही. आमचं विमान भारतीय कंपनीचं आणि एप्रिलपासून पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंद, म्हणजे वळसा. तिकिटावर निघायची वेळ रात्री १:३०, पोचायची सकाळी ८:१५. ह्यांना वाटलं पावणेसात तासच! त्यात आपल्या आणि तिकडच्या घड्याळातला उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवला की सव्वासोळा होतात, अ‍ॅपपेक्षा तासभर जास्त. आणि मी जावयाला अ‍ॅपचाच आकडा कळवून बसले होते, बिचारा नेवार्कला लवकर येऊन ताटकळला. ऑक्टोबरात परतताना उलटं झालं, पाठीमागून वारा असल्यामुळे पंधरा तासांच्या आतच मुंबई. अ‍ॅपला मात्र जाणं-येणं सारखंच.

शिवाय घरापासून घरापर्यंतचा हिशोब कोण करणार? कोथरूडहून कॅबने साडेपाचला निघालो, एक्सप्रेस वे, चेक-इन, इमिग्रेशन, मग विमान, तिकडे परत रांग, बॅगा. एडिसनला चहाचा कप हातात आला तेव्हा सव्वीस तास उलटून गेले होते आणि पायांचे नुसते भोपळे झाले होते. माझ्या वयाच्या बायकांनी पाय आवळून धरणारे कॉम्प्रेशन सॉक्स जरूर घालावेत, हे उगाच मधे.

आता नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली, फरक साडेदहा तासांचा झाला, ते अ‍ॅपने आपोआप बदललं, शाबास. पण पुणे ते नेवार्क टाकलं तरी ते झोकात अंतर, वेळ, रेघ सगळं दाखवतं, जणू लोहगावहून थेट विमान सुटतंच आहे! ह्यांनी ते बघून वहिनींना सांगून पण टाकलं. ‘असं थेट विमान नाही’ एवढी एक ओळ तिथे दिसायला लागली की चौथा स्टार देईन.