पब्लिक एनिमीज: बोली जमली का?

मायकल मानचा हा 2009 चा सिनेमा आम्ही चौघांनी कापसाच्या गंजीवर लॅपटॉप ठेवून पाहिला. मग दोन दिवस टपरीवर वाद. चुलतभाऊ म्हणे, "जॉनी डेप तोंडातल्या तोंडात बोलते बाप्पा!" अबे, डेप झाला डिलिंजर, अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचा दरोडेखोर, तो काय पुणेरी बोलन? डेप स्वतः केंटकीतल्या ओवेन्सबरोचा. समोर ओहायो नदी, पलीकडं इंडियाना. म्हणजे पैनगंगेच्या अल्याड उमरखेड, पल्याड हदगाव. एवढ्याशा अंतरातही बोली बदलते, हे आपल्याला कोणी शिकवाव लागते का? मला तर त्याचं ते शब्द ओढणं, ओठ जेमतेम हलवणं लय पटलं. डिलिंजरच्या मागावरचा सरकारी अधिकारी पर्विस झालेल्या क्रिश्चन बेलची दक्षिण अमेरिकी राज्यांतली बोली मात्र शिकवणी लावल्यासारखी वाटली. तो ब्रिटिश, चालायचंच.

खटकलं ते डिजिटल शूटिंग. रात्रीच्या गोळीबारात 1930 चं दशक चक्क लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसते.

शिकागोच्या बायोग्राफ थेटराबाहेर पर्विसची माणसं डिलिंजरला गाठतात, 22 जुलै 1934, अन् नेमकी तिथंच बॅटरी संपली. लाइन रात्री एक वाजता आली, तेव्हा तो मेला.