तपासणीआधी रुग्णाशी बोलणारा दवाखाना

लातूरमधील ज्येष्ठांसाठीच्या या दवाखान्यात आम्ही वडिलांना, म्हणजे आण्णांना, नेले ते प्रकृतीपेक्षा घरातल्या वादापायी. आण्णांचे वय ८१; माझ्या पुण्याच्या थोरल्या भावाने करवून घेतलेल्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा अंदाज घेणारी रक्तचाचणी) ६.८ असा वाढलेला आला आणि एमआरआय, पाठोपाठ बायॉप्सी, लगेच उरकावी असा त्याने धोशा लावला. आण्णांचे उत्तर ठरलेले: “उगं कशाला उकरायलाव?”

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून आधी आण्णांशी एकट्याशी बोलून घेतले, हे मला सर्वांत आवडले. मग आत बोलावून त्यांनी सांगितले, की पीएसए कर्करोगानेच वाढतो असे नाही, वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमुळे आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेही तो वाढतो. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने तर २०१८ साली सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांची ही चाळणी चाचणी (लक्षणे नसताना केलेली तपासणी) करूच नये अशी शिफारस केली आहे. बायॉप्सीत रक्तस्राव व जंतुसंसर्गाची जोखीम असते, शिवाय आण्णांची रक्त पातळ करणारी गोळी थांबवण्याचा विचार करावा लागला असता. “काका, निकाल वाईट आला तर ऑपरेशन, रेडिएशनचा शेक घ्याल का?” या प्रश्नावर आण्णांनी टोपी सारखी करत “न्हाई” म्हटले.

ठरले ते एवढेच: लघवीची तपासणी, काही आठवड्यांनी पुन्हा पीएसए, आणि लघवी अडली, रक्त दिसले किंवा हाडे दुखू लागली तर तातडीने येणे. हे सारे केसपेपरवर मराठीत लिहून खाली सही आण्णांचीच घेतली. सही मुलाने करायची असा आपल्याकडचा रिवाज असला, तरी सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे.

उणिवा आहेतच. ज्येष्ठांचा म्हणवणारा दवाखाना पहिल्या मजल्यावर, तोही लिफ्टविना, हे अनाकलनीय आहे. आधी नंबर लावूनही ताटकळावे लागते, आणि काउंटरवरची मुलगी आण्णांचे नावसुद्धा मलाच विचारत होती.

भावाचे समाधान अजून झालेले नाही. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची डॉक्टरांची तयारी आहे; मात्र आण्णा समोर बसलेले असतील तरच, अशी त्यांची अट आहे.